कार्यालयीन संगणकावरील मराठी : ज्ञात दोष व त्यांवरील उपाय

राज्याचा कारभार जनतेच्या भाषेत चालावा, या हेतूने महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६६ पासून काही अपवाद वगळता शासनव्यवहाराची भाषा मराठी झाली. त्यानंतरच्या काळात दप्तराची साधने मात्र अनेकदा बदलली. बोरू व टाक गेले, टंकलेखन यंत्र आले. तेही जाऊन आज संगणक आला आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत जन्माचा दाखला, कराची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, सभेचे कार्यवृत्त हे सारे आता संगणकावरच तयार होते. साधन बदलले की त्याचे गुण येतात, तसे दोषही येतात. दोष ठाऊक असले तर त्यांच्यावर मात करता येते. ठाऊक नसले तर त्यांचा भार साधनावर न पडता नागरिकावर पडतो. संगणकाच्या कार्यप्रणालीवर मराठीत काम करताना वारंवार आढळणारे दोष कोणते, त्यांची कारणे काय आणि त्यांवर तात्पुरते व कायमचे उपाय कोणते, याचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

एका यादीची कथा

प्रारंभी एक अनुभव सांगणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका कार्यालयात कामानिमित्त बसला असता उत्तनच्या कोळीवाड्यातील एक वृद्ध भगिनी तेथे आल्या. निवृत्तिवेतनाच्या लाभार्थ्यांच्या यादीत आपले नाव आहे किंवा नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. उत्तन परिसरात ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. या भगिनींचे नावही 'ॲ' या अक्षराने सुरू होत होते. लिपिकाने ते नाव संगणकात टंकले आणि म्हटले, "आजी, यादीत तुमचे नाव नाही." त्या आठवड्यापूर्वीही येऊन गेल्या होत्या आणि तेव्हाही त्यांना हेच उत्तर मिळाले होते. "नाव दिलं होतं, साहेब. पावती आहे," एवढेच म्हणून त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

लिपिक कामसू व सौजन्यशील होता. त्याने पुन्हा शोध घेतला; पुन्हा तेच उत्तर आले. अर्ज भरताना काही चूक झाली असावी, असे क्षणभर लेखकालाही वाटले. अखेर त्याने संपूर्ण यादी छापून घेतली आणि ओळीवर बोट ठेवून ती वाचावयास सुरुवात केली. नाव सापडले, परंतु 'अ'च्या नावांत नव्हे. ते अगदी शेवटच्या पानावर, 'ह' ने सुरू होणाऱ्या सर्व नावांच्याही खाली होते. पडद्यावर टंकलेले नाव आणि यादीतील नाव शेजारी ठेवून पाहिले, तर दोहोंत कानामात्रेचाही फरक दिसेना. तरीही संगणकाच्या लेखी ती दोन नावे भिन्न होती. असे का घडावे, हे समजून घेतले म्हणजे या विषयाचे निम्मे मर्म हाती येते.

अक्षर आणि अंक

संगणक अक्षर ओळखत नाही; तो अंक ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. संगणक तो क्रमांक साठवतो आणि तो पडद्यावर दाखवताना त्याचे चित्र टंकातून, म्हणजे ज्याला आपण फाँट म्हणतो त्यातून, उचलतो. जगातील बहुतेक लिप्यांसाठी असे सामाईक क्रमांक ठरविणाऱ्या मानकास युनिकोड म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. देवनागरीसाठी त्यात २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत आणि त्यांची मांडणी 'इस्की' या भारतीय मानकाच्या आधारे केलेली आहे. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोडचा स्वीकार केला.

उदाहरणार्थ, 'भाईंदर' हा शब्द संगणकात २३४९, २३६६, २३१२, २३०६, २३४२ आणि २३५२ या सहा अंकांनी साठविला जातो. ते अनुक्रमे भ, काना, ई, अनुस्वार, द आणि र यांचे अंक होत. शोध घेताना संगणक हे सहा अंक याच क्रमाने कोठे आढळतात, एवढेच पाहतो. शब्द डोळ्यांना कसा दिसतो याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आता या शहराचे पूर्ण नाव घेऊ. कोणी 'मिरा' लिहितो, कोणी 'मीरा'. कोणी 'भाईंदर', कोणी 'भाइंदर', तर कोणी 'भायंदर'. कोणी दोन नावांमध्ये संयोगचिन्ह देतो, कोणी नुसती जागा सोडतो. यांतून एकाच शहराची बारा नावे तयार होतात. माणूस बाराही एकच समजतो, संगणक बारा वेगवेगळी समजतो. म्हणून पहिला नियम असा की, गावांची, रस्त्यांची व प्रभागांची नावे प्रत्येकाने आपापल्या परीने न टंकता एका प्रमाणित सूचीतून निवडावीत आणि ती सूची कार्यालयप्रमुखाने मान्य केलेली असावी.

दप्तराचे थर

मिरा-भाईंदरचा प्रशासकीय इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. ठाणे जिल्ह्यातील खाडीकाठची ही गावे, मिठागरे आणि कोळीवाडे पूर्वी ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली होते. १२ जून १९८५ रोजी येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक भरली. ग्रामपंचायत ते महानगरपालिका हा प्रवास एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला आहे.

अशा रीतीने वाढलेल्या कोणत्याही शहराच्या दप्तरात सामान्यतः चार थर आढळतात. सर्वांत खाली हस्तलिखित नोंदवह्या. त्यांवर टंकलेखन यंत्रावरील कागद. त्यांवर संगणकाच्या पहिल्या पर्वातील फाइली. आणि सर्वांत वर युनिकोडमधील आजची नोंद. यांपैकी पहिले दोन थर कोणालाही वाचता येतात. तिसरा थर मात्र संगणकाचा असूनही संगणकालाच वाचता येत नाही, ही विसंगती आहे.

याचे कारण असे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली. तेथील व इतर निर्मात्यांनी त्या काळात मराठीसाठी टंक तयार केले. 'डीव्हीबी-टीटी सुरेख', 'श्री-लिपी', 'आकृती', 'कृतिदेव' ही नावे अनेक लिपिकांच्या परिचयाची असतील. कार्यप्रणालीत देवनागरीची सोयच नव्हती, तेव्हा या टंकांनी मराठी कारभार संगणकावर आणला, हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु त्यांची युक्ती अशी होती की, संगणकाला अंक रोमन अक्षराचाच द्यावयाचा आणि टंकामध्ये त्या जागी देवनागरी चित्र बसवावयाचे. प्रत्येक निर्मात्याची बैठक निराळी होती. त्यामुळे तो टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचे अर्थशून्य कडबोळे दिसते.

चार लक्षणे

वैद्य जसा लक्षणांवरून रोगाचे निदान करतो, तसे पडद्यावरील बिघाडावरून दोषाचे निदान करता येते. पुढील चार लक्षणे प्रत्येक लिपिकाने व शिक्षकाने लक्षात ठेवावीत.

*पहिले लक्षण : रिकामे चौकोन.* अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर मजकूर सुरक्षित आहे. केवळ तो दाखविणारा टंक यंत्रावर नाही. देवनागरी टंक बसविताच मजकूर दिसू लागतो. काहीही पुन्हा टंकू नये.

*दुसरे लक्षण : रोमन कडबोळे.* याचीही दोन कारणे असतात. वर सांगितलेला जुना टंक हे एक. अशा वेळी तो टंक तात्पुरता बसवून मजकूर वाचता येतो. मात्र कायमचा उपाय म्हणून रूपांतर करणे आवश्यक असते. दुसरे कारण म्हणजे युनिकोडमधील फाइल चुकीच्या संकेताने उघडली जाणे. स्वल्पविरामांनी विभागलेली, म्हणजे सीएसव्ही प्रकारची यादी एक्सेलमध्ये थेट उघडली असता हे वारंवार घडते. ती थेट न उघडता एक्सेलच्या 'डेटा' विभागातून मजकूर-फाइल म्हणून आत घ्यावी आणि संकेत निवडताना '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' हा पर्याय घ्यावा. मराठी जशीच्या तशी दिसू लागते.

*तिसरे लक्षण : प्रश्नचिन्हे.* अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर तेथेच थांबावे. युनिकोड न समजणाऱ्या स्वरूपात ती फाइल साठविली गेली आहे आणि मूळ अंकांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हाचा अंक लिहिला गेला आहे. टंक बदलून वा रूपांतर करून असा मजकूर परत मिळत नाही. मूळ प्रत शोधणे हाच एकमेव मार्ग उरतो. म्हणून मराठी यादी साठविताना साध्या सीएसव्हीऐवजी 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडावा आणि फाइल बंद करण्यापूर्वी ती एकदा पुन्हा उघडून पाहावी.

*चौथे लक्षण : ठिपक्यांचे वर्तुळ.* वेलांटी किंवा मात्रा एका तुटक वर्तुळाला चिकटलेली दिसते. चिन्ह व्यंजनाशिवाय किंवा चुकीच्या क्रमाने टंकले गेल्याची ती खूण होय. टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवीत असत. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी व्यंजन आणि मग वेलांटी टंकावी लागते. जुन्या सवयीच्या टंकलेखकाकडून ही चूक प्रथम होणे स्वाभाविक आहे. हे वर्तुळ उपद्रवी वाटले तरी ते हितकर्ते आहे. चूक झाल्याचे ते तत्काळ सांगते.

दिसते एक, असते दुसरे

वरील चारही दोष डोळ्यांना दिसतात. याहून घातक दोष न दिसणारे असतात. त्यांपैकी तीन मराठीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला दोष दीर्घ 'ई'चा. अनेक जुन्या टंकांत 'ई' हे स्वतंत्र अक्षर नसून 'इ'वर रफारासारखे चिन्ह देऊन ते साधले जाई. रूपांतर करणारी साधने कधी कधी त्या चिन्हाला खराखुरा रफार समजतात आणि 'ई'च्या जागी र, हलन्त व इ असे तीन अंक लिहितात. परिणामी 'भार्इंदर', 'वसर्इ', 'मुंबर्इ', 'कारवार्इ' असे शब्द तयार होतात. पडद्यावर ते जवळजवळ बरोबरच दिसतात. परंतु 'भाईंदर'चे सहा अंक असावयास हवेत, तेथे आठ झालेले असतात. शोधात असा शब्द कधीही सापडत नाही. यावरील उपाय सोपा आहे. 'शोधा व बदला' या सोयीने 'र्इ'च्या जागी सर्वत्र 'ई' घालावा. मराठीत रफारयुक्त 'इ' सहसा येतच नसल्याने हा बदल एकगठ्ठा करण्यास हरकत नाही.

दुसरा दोष 'ॲ'चा. उत्तनच्या भगिनींच्या बाबतीत घडला तो हाच. युनिकोडमध्ये या अक्षराला २००८ पर्यंत स्वतःचा क्रमांक नव्हता. त्या वर्षीच्या ५.१ या आवृत्तीत त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने 'ॲ' व 'ऑ' यांना मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान दिले. तत्पूर्वी लोक 'अ'वर चंद्र देऊन, म्हणजे २३०९ व २३७३ हे दोन अंक मिळून, हे अक्षर लिहीत. जुन्या कळफलकांवर आजही तसेच उमटते. काही जण 'ए'वर चंद्र असलेले, २३१७ क्रमांकाचे 'ऍ' वापरतात. अशा रीतीने एकाच नावाचे तीन अवतार होतात. मानक रूप २४१८ हेच समजावे. कळफलकावर ते नसेल, तर वर्डमध्ये 'ऑल्ट' ही कळ दाबून धरून उजवीकडील अंकफलकावर २४१८ टंकले असता ते उमटते. जुन्या याद्यांत शोध घेताना मात्र तिन्ही रूपांनी शोध घेतल्याशिवाय 'नाव नाही' असे उत्तर कोणालाही देऊ नये.

तिसरा दोष 'ऱ्य'चा. 'शेतकऱ्यांचे', 'अधिकाऱ्यांनी', 'किनाऱ्यावर', 'खाऱ्या' या शब्दांतील अर्धा र हे मराठीचे खास वैशिष्ट्य आहे. तो दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत 'ऱ' (२३५३) व हलन्त येतो. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह (८२०५) येते. हे अदृश्य चिन्ह एका प्रणालीतून दुसरीत जाताना अनेकदा गळून पडते आणि 'शेतकऱ्यांचे' हा शब्द 'शेतकर्यांचे' असा विद्रूप होतो. म्हणून पहिलीच रीत पाळावी. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'शिफ्ट' व 'जे' दाबले असता 'ऱ' येतो; मग 'डी' दाबून हलन्त द्यावा आणि पुढे 'य' टंकावा. हा कळफलक १९८६ मध्ये भारतीय भाषांसाठी प्रमाणित झालेला आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. बिघडलेला 'र्य' दुरुस्त करताना सर्वत्र 'र्य'च्या जागी 'ऱ्य' असा एकगठ्ठा बदल कदापि करू नये. तसे केल्यास 'कार्यालया'चे 'काऱ्यालय' होईल, 'सूर्य' आणि 'आचार्य'ही बिघडतील. 'शेतकर्या', 'अधिकार्या', 'कर्मचार्या' असे शब्दांचे मोठे तुकडे घेऊन एकेक बदल करावा. 'ई'च्या बाबतीत जो उपाय निर्धोक, तोच येथे अनर्थ करतो. उपाय वापरण्यापूर्वी कारण समजून घेणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

अनुक्रम, लांबी व संख्या

त्या भगिनींचे नाव 'ह'च्याही खाली का गेले, याचा उलगडा आता सहज होतो. केवळ क्रमांकांच्या आधारे अनुक्रम लावणारी प्रणाली 'ह'ला (२३६१) आधी व 'ॲ'ला (२४१८) नंतर ठेवते. त्याच न्यायाने 'क्षीरसागर' हे नाव यादीच्या शेवटी न येता 'कौशल्या'च्या पाठोपाठ 'क'च्या गटात येते, कारण संगणकाच्या दृष्टीने 'क्ष' म्हणजे क, हलन्त व ष होय. शाळेची हजेरीपट असो वा करदात्यांची यादी असो, अनुक्रमासाठी 'मराठी (भारत)' हा पर्याय उपलब्ध असल्यास तो निवडावा; नसल्यास अशी नावे कोठे आढळतील, याची टीप यादीच्या आरंभी छापावी.

दुसरी बाब लांबीची. यूटीएफ-८ या संकेतात रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला व चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मिरा भाईंदर महानगरपालिका' हे नाव साठविण्यास ६८ बाइट लागतात. रकाना ५० बाइटांचा असेल, तर तेथे केवळ 'मिरा भाईंदर महानगर' एवढेच उरते आणि 'पालिका' गळून पडते. संस्थेच्या बाबतीत हा विनोद ठरेल. परंतु दाखल्यावरील वडिलांचे नाव किंवा आडनाव अर्धे तुटले, तर संबंधितास पुढे अनेक वर्षे प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते. म्हणून नवी संगणक प्रणाली स्वीकारण्यापूर्वी शक्य तितके लांब मराठी नाव त्यात भरून पाहण्याची अट घालावी.

तिसरी बाब संख्यांची. एक्सेलसारख्या तक्त्यात देवनागरी अंकांत टंकलेली रक्कम काही वेळा संख्या न समजता मजकूर समजली जाते आणि बेरजेतून निसटते. हिशोबाचे आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत भरावेत आणि छपाईच्या वेळी ते देवनागरीत दाखवावेत, ही सुरक्षित पद्धत होय. बेरीज एकदा हाताने पडताळून पाहावी, हे सांगणे नलगे.

कार्यप्रणाली बदलते तेव्हा

विंडोज या कार्यप्रणालीत देवनागरीची अंगभूत सोय 'विंडोज २०००' पासून आली. तिच्यासोबत 'मंगल' हा टंकही आला. पुढे विंडोज ८ बरोबर 'निर्मला यूआय' हा टंक आला. विंडोज १० मध्ये 'मंगल', 'कोकिळा', 'उत्साह' आणि 'अपराजिता' हे टंक मूळ संचातून काढून पूरक टंकांच्या ऐच्छिक संचात ठेवण्यात आले. याची कल्पना नसल्यामुळे नव्या यंत्रावर जुनी टिपणी उघडली की ओळी सरकतात, तक्ते पुढच्या पानावर जातात आणि फाइल बिघडली असा समज होतो. प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नसते. 'सेटिंग्ज'मधील ऐच्छिक सुविधांतून देवनागरी पूरक टंक मागवून घेतले की मांडणी पूर्ववत होते. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेले 'यशोमुद्रा' व 'यशोवेणू' हे युनिकोड टंकही वापरण्यासारखे आहेत.

पीडीएफ प्रकारच्या दस्तऐवजाविषयीही येथे सांगितले पाहिजे. पीडीएफमध्ये प्रामुख्याने अक्षरांची चित्रे व त्यांच्या जागा नोंदलेल्या असतात. त्यामुळे त्यातून मराठी मजकूर उचलून दुसरीकडे घेतला असता वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे तुटतात. पीडीएफ ही छापील कागदाची जागा घेणारी प्रत आहे, मूळ प्रत नव्हे. ठरावाची वा परिपत्रकाची मूळ फाइल स्वतंत्रपणे जतन करून ठेवणे, हाच यावरील खरा उपाय.

याहून गंभीर प्रश्न जुन्या यंत्रांचा आहे. जुन्या टंकाची प्रणाली फक्त एकाच जुन्या संगणकावर चालते, म्हणून तो संगणक वर्षानुवर्षे तसाच ठेवला जातो, असे अनेक ठिकाणी आढळते. परंतु कार्यप्रणालीलाही आयुष्य असते. निर्मात्याचा आधार विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपलेल्या यंत्राला सुरक्षिततेच्या नियमित दुरुस्त्या मिळत नाहीत. असे यंत्र ठेवणे अपरिहार्यच असेल, तर ते जाळ्यापासून, म्हणजे इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या फाइली वाचण्यापुरते ठेवावे आणि त्यातील मजकुराचे रूपांतर किती काळात पूर्ण करावयाचे, याची मुदत ठरवून घ्यावी. खुल्या कार्यप्रणालींचा मार्गही उपलब्ध आहे. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणाली भारतीय भाषांसाठीच आहे आणि लिनक्सवर सर्रास आढळणारे 'लोहित' टंक युनिकोडचेच आहेत.

रूपांतर करताना तीन पथ्ये पाळावीत. मूळ फाइल कधीही पुसू नये. ती कोणत्या टंकात आहे, ते फाइलच्या नावात लिहावे. रूपांतरित मजकूर एकाने मोठ्याने वाचावा व दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून पाहावा. जुन्या काळी नक्कल करणारे कारकून हेच करीत असत. यंत्र आले म्हणून त्या शिस्तीची गरज संपलेली नाही.

अडचणींची नोंदवही

मोठ्या कार्यालयांसाठी कार्यप्रणाली तयार करणारे निर्माते प्रत्येक आवृत्तीसोबत 'ज्ञात दोष' या शीर्षकाखाली एक सूची प्रसिद्ध करतात. कोणता दोष शिल्लक आहे, तो केव्हा उद्भवतो आणि तो दूर होईपर्यंत कोणत्या आडवाटेने काम भागवावे, हे त्यात नमूद असते. आपल्या वस्तूतील उणीव स्वतःहून सांगण्यात निर्मात्यास कमीपणा वाटत नाही. त्यामुळे वापरणाऱ्याचा वेळ वाचतो आणि विश्वासही वाढतो.

हीच पद्धत आपल्या कार्यालयांनी व शाळांनी स्वीकारण्यासारखी आहे. एक साधी वही पुरे. तिच्यात पाच रकाने आखावेत : दिनांक, काय दिसले, कारण, तात्पुरता उपाय आणि कायमचा उपाय. एका टेबलावर सापडलेला मार्ग शेजारच्या टेबलाला ठाऊक नसतो आणि कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याचे ज्ञानही त्याच्यासोबत जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. वहीमुळे ते ज्ञान कार्यालयाचे होते. शेवटचा रकाना दीर्घकाळ रिकामा राहिला, तर त्याकडे वरिष्ठांनी लक्ष पुरवावे. गळक्या छपराखाली भांडे ठेवणे योग्यच. पण भांडे ठेवले म्हणजे छप्पर दुरुस्त झाले असे नव्हे.

सहा शब्दांची कसोटी

नवा संगणक, नवा कळफलक किंवा नवी प्रणाली हाती आली की पुढील सहा शब्द टंकून पाहावेत : भाईंदर, शेतकऱ्यांच्या, ॲडव्होकेट, ऑगस्ट, क्षितिज, निर्णय. ते साठवावेत, फाइल बंद करावी, दुसऱ्या यंत्रावर उघडावी आणि प्रत्येक शब्दाचा शोध घ्यावा. सहाही शब्द बरोबर दिसले व सापडले, तर प्रणाली मराठी कामास योग्य समजावी. एखादा दिसला पण सापडला नाही, तर दोष कोठे आहे ते या लेखातील विवेचनावरून कळेल. या कसोटीला पाच मिनिटे पुरतात. शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास लिपी, वर्णक्रम व संगणक या तिन्हींचा पाठ एकाच वेळी होईल. ग्रामपंचायत सदस्यांनीही नव्या प्रणालीचे देयक मंजूर करण्यापूर्वी ती आपल्यासमोर करून दाखविण्याचा आग्रह धरावा.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने अभिलेख सूचिबद्ध व संगणकीकृत करण्याची जबाबदारी कार्यालयांवर टाकली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. या साऱ्याची प्रचीती सामान्य माणसाला अखेर एका लहानशा प्रसंगातून येते. तो खिडकीपाशी उभा राहतो, आपले नाव सांगतो आणि ते सापडते किंवा सापडत नाही.

त्या दिवशी उत्तनच्या भगिनींचे नाव सापडले, तेव्हा त्या लिपिकाने यादीत लाल शाईने खूण केली आणि आपल्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी सरकवली : 'ॲ — तीन प्रकारे शोधणे, शेवटचे पान पाहणे.' कार्यालयातील अडचणींच्या नोंदवहीची ती पहिली ओळ होती, असे म्हणावयास हरकत नाही. प्रत्येक कार्यालयात अशी एक ओळ लिहिली गेली, तर एखाद्या वृद्धेचा बसचा एक हेलपाटा तरी निश्चित वाचेल.